'झालंच' मधला च

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मराठी आवृत्ती आज दुपारी चालू झाली. डायलिसिसच्या वेळा ठरवायचं आमचं ॲप आतापर्यंत इंग्रजी, हिंदी आणि गुजरातीत होतं. मराठीतली सगळी वाक्यं माझ्याकडे आली, कारण आठ जणांच्या ऑफिसात मातृभाषा मराठी असलेली मी एकटीच. हार्दिक, आमचा लीड, म्हणाला, "सुजाता, ये तू ही कर. मुझे पढ़ना आता है, बस."

बहुतेक वाक्यं सोपी. एकावर मात्र दोन दिवस गेले. पेशंटने 'तारीख बदला' बटण दाबलं की ॲप सर्व्हरला विचारतं. उत्तर येईपर्यंत स्क्रीनवर काहीतरी दाखवावं लागतं. इंग्रजीत 'सेव्हिंग' आहे. मराठीत 'जतन होत आहे' लिहून बघितलं तर तहसील कचेरीतली पाटी वाचतेय असं वाटलं. आजारी माणसाशी असं कशाला बोलायचं. मग आई आठवली. ती ओट्यापाशी असते, मी हाक मारते, ती म्हणते "झालंच". कुकरची एक शिट्टीसुद्धा झालेली नसते. पण ऐकून बरं वाटतं. तेच लिहिलं. 'झालंच…', पुढे तीन टिंबं.

हार्दिकला अर्थ सांगितला. "अच्छा, मतलब बस हो ही गया." हसला. चालेल म्हणाला. ऑफिसच्या वायफायवर तो शब्द दिसतो न दिसतो तोच तारीख बदलते. छान दिसतं.

खूश आहे स्वतःवर. तेवढं लिहून ठेवते.

गुरुवार, ६ नोव्हें.

आईच्या गुडघ्याचा पट्टा केबिन रोडवर मिळाला, तिसऱ्या दुकानात. माप एक नंबर मोठं. ती म्हणते बसेल. बसणार नाही. उद्या बदलून आणायचा.

ऑफिसात काही विशेष नाही.

मंगळवार, ११ नोव्हें.

डायलिसिस सेंटरची तक्रार आली. उत्तनजवळच्या तारोडीचे एक पेशंट, बस्त्याव, वय एकाहत्तर. डायलिसिस मंगळवार आणि शुक्रवार. घरात पुतण्याचं लग्न होतं, शुक्रवारी उंबराचं पाणी, म्हणजे लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत, नाचत पाणी आणायचा कार्यक्रम. म्हणून शुक्रवारचं डायलिसिस शनिवारवर नेलं, ॲपवरून, असं त्यांचं म्हणणं. शनिवारी सेंटरला गेले तर यादीत नाव नाही. शुक्रवारी उलट गैरहजर म्हणून लागलेलं. शनिवारची सगळी मशीन भरलेली, सोमवारी सकाळी या म्हणाले. रविवारी त्यांना श्वास घेता येईना. छातीत पाणी. आयसीयूत आहेत.

सेंटरच्या मॅडमनी एवढंच विचारलंय की पेशंटने तारीख बदलली होती का.

हार्दिकने सर्व्हर बघितला. त्या पेशंटची एकही विनंती आलेली नाही. उत्तर त्याने लिहिलं, मराठी मी केलं: 'सदर पेशंटकडून तारीख बदलण्याची कोणतीही विनंती आमच्याकडे प्राप्त झालेली नाही.' कचेरीची भाषा मला नको होती ना. हे लिहिताना मात्र सरसर आली.

जेवताना मी म्हणाले, "म्हातारी माणसं विसरतात. दाबलं असं वाटतं त्यांना." सगळ्यांनी माना हलवल्या. सेंटरच्या मॅडमही फोनवर तेच म्हणाल्या. वर म्हणाल्या की या बाबांनी पूर्वीही एकदा डायलिसिस बुडवून सेंटरचं मशीन बंद होतं असं घरी सांगितलं होतं. त्यांची मुलगी फार चिडली आहे म्हणे. लग्नासाठी बुडवलं आणि आता ॲपवर ढकलतात, असं तिचं म्हणणं.

विषय संपला.

बुधवार, १२ नोव्हें.

संपला नाही.

सकाळी दात घासताना डोक्यात आलं: सर्व्हरवर आलं नाही म्हणजे दाबलं नाही, असं कुठे आहे? निघालं आणि वाटेत पडलं, असंही असू शकतं. हे मला कालच सुचायला हवं होतं. माझं कामच ते आहे.

ऑफिसात जाऊन स्वतःचा कोड उघडला; तारीख बदलायचा भाग पहिल्यापासून मीच लिहिलाय. बटण दाबलं की जी ॲक्शन सुटते तिच्या तीन तऱ्हा: वाट बघतेय, जमलं, फसलं. तिन्हीसाठी स्टेटमध्ये, म्हणजे ॲपच्या त्या क्षणीच्या स्थितीत, काय करायचं ते लिहायचं असतं. पहिलीत माझं 'झालंच…'. दुसरीत नवी तारीख. तिसरीत माझ्याच हातची, स्वतःसाठी लिहिलेली एक टीप, 'नंतर बघू', आणि खाली काही नाही.

फोनचं नेट मधेच बंद करून बघितलं. 'झालंच…' स्क्रीनवर चाळीस सेकंद राहतं. घड्याळ लावून मोजले. मग तो शब्द गुपचूप जातो, जुनी तारीख परत दिसते, आणि ॲप एक अवाक्षर बोलत नाही. चाळीस सेकंद स्क्रीनकडे कोण बघत बसतं. मी नसते बसले.

मग एरर लॉग. फोन स्वतःच्या चुका टिपून ठेवतो आणि रेंज आली की आमच्याकडे पाठवतो. ती यादी कोणी उघडत नाही. मीही नाही. पेशंट नंबर टाकला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं. तारीख बदला, शुक्रवार ते शनिवार. भाषा मराठी. फसलं, नेटवर्क नाही.

त्यांनी दाबलं होतं.

त्या दिवशीचं पान मागे जाऊन वाचलं. गुडघ्याचा पट्टा. काही विशेष नाही.

गुरुवार, १३ नोव्हें.

घरून काम. कामात लक्ष नाही.

आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून तिच्यासमोर धरलं, तीन टिंबांसकट. "फोनवर बटण दाबलं आणि हे दिसलं, तर काय समजशील?"

"झालं म्हणून."

"अगं, झालंच आहे ना. तू म्हणतेस तसं. म्हणजे होतंय, थोडं थांब."

"मी म्हणते ते वेगळं. हे लिहिलेलं आहे. च लावलाय म्हणजे नक्की झालं. मग कशाला थांबू?"

खरंच आहे. बोलताना सूर असतो, आईचा हात हलतो, पदर खोचलेला दिसतो, त्यावरून कळतं की अजून वेळ आहे. कागदावर त्याच शब्दाचा अर्थ उलटा. इंग्रजी 'सेव्हिंग' वाचणारा निदान क्षणभर थांबला असता. हिंदीत 'सहेजा जा रहा है' आहे, तोही थांबला असता. मराठीत मी माणसांना सांगितलं की नक्की झालं, जा आता. टिंबांकडे कोण बघतं.

आईने विचारलं काय झालंय. सांगितलं. सगळं. तिला स्टेट, ॲक्शन काही कळत नाही. म्हटलं, पत्र टाकलं, पेटीवरच पोचलं असं लिहिलं होतं, आणि पत्र पेटीतच राहिलं. तिने निवडलेली भाजी परडीत टाकली. मग म्हणाली, "माणूस आहे ना?" म्हणजे जिवंत आहे ना. हो म्हटलं. आयसीयूतून बाहेर आलेत, सेंटरकडून कळलं.

"मग त्याच्या घरी सांग. त्याला सगळे खोटारडा म्हणत असतील."

शुक्रवार, १४ नोव्हें.

हार्दिकला लॉग दाखवला. त्याने दोनदा वाचला. खुर्ची मागे सरकवली.

"फिक्स कर दे. आजच."

"केलंय. पण आपण सेंटरला जे लिहिलं…"

"हमने क्या लिखा? विनंती प्राप्त नहीं हुई. सर्व्हर पे कुछ आया ही नहीं. इसमें झूठ क्या है?"

खोटं काही नाही. तेच तर. त्या उत्तरातलं एकेक वाक्य खरं आहे आणि सगळं मिळून एका म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडतं.

मी हे बोलले नाही. मग तोच म्हणाला, सेंटरने काम काढून घेतलं तर आठ घरं आहेत, त्याच्या बाबांचंही दुकान चालत नाही हल्ली, आणि तो माणूस तर बरा होतोय ना. हार्दिक वाईट नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला रात्र न् दिवस हाच सोबत होता. म्हणून जास्त जड जातंय. रागावता आलं असतं तर सोपं झालं असतं.

नवीन वाक्यं चढवली. वाट बघताना: 'थांबा. नोंद अजून झालेली नाही.' फसल्यावर, लाल पट्टीत, आपण बंद करेपर्यंत न जाणारी: 'नोंद झाली नाही. सेंटरला फोन करा.' कचेरीच्या पाटीसारखी आहेत. असू देत.

कोडच्या ओळी मिळून अकरा. तेवढ्याच लागत होत्या.

रविवार, १६ नोव्हें.

विहारात गेले आईबरोबर. पंचशील म्हणताना चौथ्या शीलावर माझा आवाज गेला. खोटं बोलण्यापासून दूर राहायचं, एवढंच तर त्यात आहे, लहानपणापासून म्हणतेय. सगळे पुढे गेले, मी पाचव्याला परत मिळाले. आईने बघितलं.

दुपारी फोन केला. नंबर तक्रारीच्या मेलमध्ये होता, मुलीचा. फिलू नाव. मिरा रोडच्या एका शाळेत क्लार्क आहे. मी ॲपवाल्या ऑफिसातून बोलतेय म्हटल्यावर आवाज एकदम थंड.

"आमची काय तक्रार न्हाय आता मॅडम. पप्पा घरी आलेत."

"तक्रारीबद्दल नाही. त्यांनी ते बटण…"

"त्यांनी कबूल केलं. काल. खोटं बोललो म्हणाले. विषय मिटलाय आमच्या घरातला. तुम्ही पुन्हा नका काढू."

कबूल केलं.

मी म्हटलं, मला येऊन भेटायचंय. कशाला म्हणाली. फोनवर नाही सांगता येणार म्हटलं. मग बुधवारी चारनंतर या म्हणाली.

त्यांनी न केलेली गोष्ट कबूल केली. मी दुपारपासून एवढंच घेऊन बसले आहे. लॉगमधली वेळ चुकीची असेल का, दुसऱ्याच कुणाचा पेशंट नंबर असेल का, हेही पुन्हा पुन्हा तपासलं. चुकीचं असावं असं मला वाटत होतं, हे खरं लिहिते. नाहीये चुकीचं.

सोमवार, १७ नोव्हें.

सेंटरच्या मॅडमना मेल केला. माझ्या नावाने. पेशंटने गुरुवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी विनंती केली होती, ती ॲपमधल्या दोषामुळे पोचली नाही, तसं त्यांना कळवलंही गेलं नाही, आणि तो भाग मी लिहिलेला आहे. लॉगची ओळ जोडली. हार्दिकला प्रत.

पाच मिनिटांत हार्दिक टेबलाशी आला. "पूछ के भेजना था." एवढंच. परत गेला. दिवसभर बोलला नाही. चहाला मला हाक मारली नाही.

सेंटरकडून उत्तर नाही. बोट सारखं मेलवर जातंय. भीती वाटतेय. लाज त्याहून जास्त.

मंगळवार, १८ नोव्हें.

उत्तर नाही. हार्दिक आला नाही ऑफिसला, आमच्या मालकांना भेटायला गेलाय म्हणे.

लॉगची ती ओळ मोठ्या अक्षरात छापून घेतली, खाली मराठीत अर्थ लिहिला. सही केली.

गुरुवार, २० नोव्हें.

काल काही लिहिता आलं नाही. आज सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी.

स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस धरली. मोर्व्याच्या पुढे फोनची रेंज दोनदा गेली. तारोडीला उतरून विचारत गेले. घर जुनं, बसकं, दारावर क्रॉस, अंगणात मासळी सुकवायच्या बांबूच्या रिकाम्या काठ्या. फिलू दारातच उभी होती. माझ्याएवढीच असेल, नाहीतर पाचेक वर्षांनी मोठी. पाणी दिलं. बसा म्हणाली नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. कागद दिला. तिने वाचला, वेळेवर बोट ठेवून परत वाचला, मग तिसऱ्यांदा.

"गुरुवारी सकाळी मी शाळेत होते," म्हणाली. "ते इथे पायरीवर बसलेले असतात त्या वेळी."

मग खाली बसली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आयसीयूच्या दारात मी त्यांना बोलले, ताई. सगळे पावणे उभे होते लग्नाचे. नळी होती नाकात. मी म्हटलं, नाचायला जायचं होतं म्हणून बुडवलं आणि वर खोटं बोलताय, तुम्हाला लाज न्हाय. त्यांना बोलता येत नव्हतं. नुसती मान हलवत होते. न्हाय, न्हाय. घरी आल्यावर फोन काढून घेतला मी त्यांचा. आता सेंटरला मीच फोन करते."

मॅडमची ताई झाले होते. ते मला झेपलं नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे, तुमची नाही. ती म्हणाली, "तुमची हाय. माझी पण हाय."

बस्त्याव अंकल आतून आले, भिंत धरत. आयुष्यभर तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते, अजून खांदे रुंद आहेत. पाय सुजलेले. फिलूने कागद त्यांच्या हातात दिला, मग चष्मा नाही म्हणून स्वतःच वाचून दाखवला.

त्यांनी मला विचारलं, "म्हंजे दाबला होता मी?"

"हो, अंकल. दाबला होता."

"मी थांबलो पण होतो. वायरलेसवर बोलतो ना आमी, समोरून उत्तर येत न्हाय तवर हलत न्हाय. बोललो असं धरतच न्हाय. मी थांबलो. उत्तर आलं, झालंच. मंग ठेवला खिशात."

उत्तर आलं नव्हतं अंकल, ते मी आधीच लिहून ठेवलेलं होतं. असं म्हणायला हवं होतं. म्हणाले मी, पण इतक्या हळू की त्यांना ऐकू गेलं का माहीत नाही.

"पयले दोन दिवस सांगत होतो सगळ्यांना," ते म्हणाले. "मंग हिची आदळआपट, रडणं. आणि मलाच वाटाया लागलं, नसन दाबला. पूर्वी एकदा बोललो होतो खोटं, मशीनचं. तसंच असन. म्हातारपण हाय."

फिलू म्हणाली, "पप्पा, मला माफ करा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. बघत राहू नये म्हणून मी अंगणाकडे तोंड केलं. मला रडू आलं. माझा काही हक्क नव्हता, तरी आलं.

थोड्या वेळाने चहा झाला. फिलूने विचारलं, पावण्यांसमोर हे कोण सांगणार. मी येईन म्हटलं, म्हणाल तेव्हा. बघू म्हणाली. सेंटरने मेलचं उत्तर दिलं का, विचारलं. नाही म्हटलं. तुमची नोकरी जाईल का, हेही विचारलं. माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. आज ऑफिसला गेल्यावर कळेल, कदाचित आजही नाही.

निघताना अंकल म्हणाले, जरा थांब. चेहरा एकदम वेगळा झाला होता, काहीतरी राहून गेल्यासारखा. ते फिलूकडे बघत नव्हते, माझ्याकडेच.

"शनिवारी फादर आले होते घरी, कम्युनियन द्यायला. मी कन्फेशन केलं. म्हटलं, फादर, मी घरच्यांशी खोटं बोललो, न दाबता दाबला म्हणालो. त्यांनी माफी दिली."

"हो, अंकल."

"आता तू म्हंतेस दाबला होता. मंग देवापुढं बोललो ता खोटं झालं ना?"

ते आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले, मग स्वतःशीच म्हणाले, रविवारी फादरना इचारतो.